वादळानंतर शहर किती सावरलं? न्यू ऑर्लिन्सच्या आकड्यांवरून शिकण्याची पद्धत

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना हे चक्रीवादळ अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर धडकलं. न्यू ऑर्लिन्सभोवतीचे तटबंध आणि कालव्यांच्या भिंती ठिकठिकाणी फुटल्या. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि जवळपास सगळं शहर रिकामं झालं. पाणी ओसरल्यावर प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती: लोक परत येतायत का, किती येतायत आणि कुठे येतायत? शाळा कुठली उघडायची, बस कुठल्या रस्त्यावर फिरवायची, किराणा दुकान पुन्हा थाटायचं की नाही, हे सगळं त्या उत्तरावर अडलं होतं. आणि जनगणना तर दहा वर्षांतून एकदा होते. आधीची २००० ची, पुढची थेट २०१० ची.

मधली पाच वर्षं आकड्यांशिवाय काढावी लागली नाहीत, याचं मोठं श्रेय एका छोट्या संस्थेला जातं. १९९७ मध्ये सुरू झालेलं ग्रेटर न्यू ऑर्लिन्स कम्युनिटी डेटा सेंटर, म्हणजे आजचं द डेटा सेंटर. वॉशिंग्टनच्या ब्रुकिंग्ज इन्स्टिट्यूशननं डिसेंबर २००५ मध्ये ‘कॅटरिना इंडेक्स’ काढायला सुरुवात केली. पुढे दोन्ही संस्थांनी मिळून तेच काम ‘न्यू ऑर्लिन्स इंडेक्स’ नावानं चालवलं. घरं, भाडी, शाळा, दवाखाने, बस, रोजगार असे आकडे ठरावीक काळानं एकाच ठिकाणी आणि सगळ्यांसाठी खुले. आपत्तीनंतरच्या कामाचा माग कसा घ्यावा हे शिकायचं असेल, तर माझ्या माहितीत याहून चांगलं उदाहरण नाही.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. पत्रकारितेचे विद्यार्थी, सामाजिक संस्थेत काम करणारे, नगरनियोजन शिकणारे, किंवा ज्यांना एक्सेलमध्ये बेरीज-टक्केवारी करता येते आणि एखाद्या शहराबद्दल मनापासून जाणून घ्यायचंय, असे कुणीही. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ‘शहर ७० टक्के सावरलं’ हे वाक्य एकट्यानं काहीच सांगत नाही. कशाच्या ७० टक्के, कुठल्या वस्तीत आणि कुणासाठी, ही तीन उत्तरं सोबत असली तरच त्याला अर्थ येतो.

पायरी १: आधी छेद ठरवा

टक्केवारी काढताना सगळं लक्ष अंशाकडे जातं, म्हणजे आज किती लोक आहेत याकडे. खरा घोळ छेदात असतो.

करून बघा. २०१० च्या जनगणनेत न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या ३,४३,८२९ भरली. आता हिला कशानं भागायचं? २००० च्या जनगणनेतल्या ४,८४,६७४ नं भागलं तर शहर ७१ टक्के भरलं. वादळाच्या आधी, जुलै २००५ साठी जनगणना विभागाचा जो अंदाज होता तो साडेचार लाखांच्या आसपास होता. त्यानं भागलं तर ७६ टक्के. पुढे त्याच विभागानं जुना अंदाज सुधारून जुलै २००५ चा आकडा ४,९४,२९४ केला. त्यानं भागा, ७० टक्क्यांच्या किंचित खाली. शहर एकच, दिवस एकच, आणि उत्तरात सहा टक्क्यांचा फरक.

यात आणखी एक धागा आहे. न्यू ऑर्लिन्स १९६० मध्ये ६,२७,५२५ लोकांचं शहर होतं. तेव्हापासून दर जनगणनेत ते आकसलेलं दिसत होतं. लोक उपनगरांत जात होते, बंदरातली कामं कमी होत होती. म्हणजे वादळ आलं नसतं तरी २०१० चा आकडा २००० पेक्षा कमी असण्याची शक्यता होती. म्हणून आधाराचा आकडा, म्हणजे छेदात ठेवलेला वादळाआधीचा आकडा, नुसता नोंदवून थांबू नका, त्याच्या आधीची पंधरा-वीस वर्षं कल कुठे होता तेही लिहून ठेवा. आधीपासूनच उतरणीला लागलेल्या गोष्टीचा दोष वादळाला देणं सोपं असतं, आणि आधीच वाढत असलेल्या गोष्टीचं श्रेय पुनर्वसनाला देणं त्याहून सोपं.

कामाची पद्धत अशी: फाईलच्या पहिल्या पानावर तीनच ओळी. आधाराचा आकडा किती, तो कुठल्या तारखेचा, आणि कुठल्या दिवशी उतरवून घेतला. तिसरी ओळ सगळे गाळतात. पण अंदाज मागाहून बदलतात हे वर दिसलंच. जुना आकडा खोडू नका, शेजारी नवा रकाना करा. मृतांच्या आकड्याचंही तेच झालं. कॅटरिनात १,८३३ माणसं गेली हा आकडा वर्षानुवर्षं छापला गेला. अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरनं २०२३ मध्ये तो १,३९२ असा दुरुस्त केला. कुणी जुना लेख दाखवून तुमचा आकडा चूक म्हणालं, तर ती तारखेची ओळच तुमच्या कामी येईल.

पायरी २: शहराचे तुकडे करा

न्यू ऑर्लिन्स बशीसारखं आहे. मिसिसिपी नदीच्या काठानं जमीन उंच, आणि नदीपासून उत्तरेच्या पाँचरट्रेन तलावाकडे जावं तशी ती उतरत जाते. फ्रेंच क्वार्टर, गार्डन डिस्ट्रिक्ट हे जुने भाग उंचावर, ते बहुतेक कोरडे राहिले. नदीपलीकडचं अल्जिअर्सही वाचलं. लेकव्ह्यू, जेंटिली, ब्रॉडमूर आणि न्यू ऑर्लिन्स ईस्ट बुडाले. लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये इंडस्ट्रियल कालव्याची भिंत फुटली आणि पाण्याच्या लोंढ्यानं घरं पायांवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकली.

आता या सगळ्यांची सरासरी काढून काय हाती लागणार? २८ फेब्रुवारी २००६ ला मार्डी ग्राचा सण साजरा झाला. सप्टेंबर २००६ मध्ये सुपरडोम मैदान सामन्यांसाठी पुन्हा उघडलं. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटावं की शहर परतलं. त्याच महिन्यांत लोअर नाइन्थ वॉर्डमधल्या कित्येक गल्ल्यांत एकही घर नांदतं नव्हतं.

म्हणून तुकडे करा. न्यू ऑर्लिन्समध्ये नियोजनासाठी ७२ वस्त्यांचा नकाशा वापरात आहे, आणि लोक बोलताना त्याच नावांनी बोलतात. सेन्सस ट्रॅक्ट, म्हणजे जनगणनेसाठी आखलेले छोटे भाग, त्याहून लहान. झिप कोड मात्र टाळा. ते टपालाच्या सोयीसाठी आखलेले असतात आणि एका झिप कोडमध्ये कोरडी गल्ली आणि दहा फूट पाण्यातली गल्ली दोन्ही येऊ शकतात. ट्रॅक्टच्या हद्दी दर जनगणनेला थोड्या बदलतात, तेव्हा २००० आणि २०१० चे ट्रॅक्ट एकमेकांशी जुळवणारा तक्ता जनगणना विभागाकडून घेतल्याशिवाय तुलना करू नका.

तुकडे केल्यावर प्रत्येक वस्तीपुढे एक रकाना जोडा: पाणी किती चढलं होतं. कोरडी, तीन फुटांपर्यंत, त्याहून जास्त, एवढी ढोबळ वर्गवारी पुरते. या एका रकान्यानं पुढची निम्मी कोडी सुटतात. दोन वस्त्या सारख्याच बुडाल्या आणि एक भरभर परतली, दुसरी नाही, असं दिसलं की मग खरा प्रश्न हाती लागतो.

पायरी ३: पोस्टमनला विचारा

ही पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शहर रिकामं झाल्यावर कुणाच्या घरी माणसं आहेत हे रोज उठून कोण बघतं? पोस्टमन. अमेरिकेत पत्र घरोघर पेटीत पडतं. पेटीतली पत्रं कुणी उचलत नसेल तर पोस्टमनला ते सगळ्यात आधी कळतं. ९० दिवस टपाल उचललं गेलं नाही की तो पत्ता ‘रिकामा’ म्हणून नोंदला जातो. बांधकाम चालू असलेले किंवा बराच काळ वापरात येण्याची शक्यता नसलेले पत्ते ‘नो-स्टॅट’ नावाच्या वेगळ्या खान्यात टाकले जातात. जाहिरातीची पत्रकं घरोघर पाठवणाऱ्या कंपन्यांना हे पत्ते अद्ययावत लागतात, कारण रिकाम्या घरी पत्रक पाठवणं म्हणजे पैसे वाया. डेटा सेंटरनं अशाच एका कंपनीकडून, व्हॅलॅसिसकडून, टपाल चालू असलेल्या पत्त्यांची संख्या मिळवली आणि वस्तीवार प्रसिद्ध केली. ज्या यादीचा उपयोग कूपनं वाटण्यासाठी होता, तिच्यातून शहराची नाडी कळायला लागली.

तुम्हाला हे करायचं असेल तर अमेरिकेचा गृहनिर्माण विभाग टपाल खात्याचे हेच आकडे दर तिमाहीला सेन्सस ट्रॅक्टनुसार देतो. मात्र ते सरकारी कार्यालयांना आणि नोंदणीकृत ना-नफा संस्थांनाच मिळतात. एकट्यानं काम करणाऱ्यानं एखाद्या संस्थेशी जोडून घ्यावं, किंवा डेटा सेंटरनं आधीच मांडलेले तक्ते वापरावेत.

हिशेब सरळ आहे. समजा एका वस्तीत जून २००५ मध्ये टपाल चालू असलेले १,००० पत्ते होते आणि जून २००८ मध्ये ६२०. म्हणजे ६२ टक्के. दरवर्षी जूनच घ्या, नाहीतर सुट्ट्या आणि कॉलेजच्या सत्रांमुळे आकडे उगाच हलतात. छेदात नेहमी वादळाआधीचे चालू पत्ते ठेवा, आजचे एकूण पत्ते नकोत. कारण पाडलेल्या घराचा पत्ता यादीतूनच जातो आणि छेद लहान होतो. मग वस्ती अर्धी रिकामी असूनही ‘९० टक्के पत्ते चालू’ असं छान चित्र दिसतं.

आता या आकड्याच्या आत काय दडलेलं असतं ते बघा. एक घर घ्या. बुडालेलं, आत बुरशी, भिंती उघड्या केलेल्या. अंगणात सरकारनं दिलेला पांढरा ट्रेलर, त्यात कुटुंब राहतंय. टपाल येतंय, पत्ता ‘चालू’. पण घर दुरुस्त झालेलं नाही. म्हणजे चालू पत्ता माणूस परतल्याचं सांगतो, घर परतल्याचं नाही. दुसरं उदाहरण उलटं. न्यू ऑर्लिन्समध्ये ‘शॉटगन डबल’ नावाची जुनी घरं असतात, मधल्या एका भिंतीनं दोन भाग केलेली, दोन दारं, दोन पत्ते. मालकानं दुरुस्ती करताना मधली भिंत काढून एकच मोठं घर केलं, तर एक पत्ता कायमचा गेला. घर उत्तम नांदतंय आणि आकड्यात मात्र ५० टक्के घट. ज्या वस्तीत असं बऱ्याच ठिकाणी झालं, तिथला आकडा कधीच १०० वर येणार नाही, आणि यायची गरजही नाही.

पत्त्यांवरून माणसं मोजायलाही जाऊ नका. आधी एका घरात चौघं राहत असतील आणि आता दोघंच परतले असतील, मुलं ह्यूस्टनच्या शाळेत राहिली असतील. पत्ते पत्तेच राहू द्या.

पायरी ४: बाकीचे स्रोत, आणि त्यांचे सापळे

बांधकाम परवाने मोहात पाडतात, कारण ते महापालिकेकडे तयार असतात आणि तारीख-पत्त्यासह मिळतात. पण परवाना म्हणजे इरादा. काम झालंच असं नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये तर नियमच असा होता की घराचं नुकसान निम्म्याहून जास्त ठरलं तर ते पूरपातळीच्या वर उचलून बांधावं लागे. तो खर्च डोंगराएवढा. त्यामुळे हजारो घरमालक पालिकेच्या खिडकीवर जाऊन नुकसानीचा टक्का ५० च्या खाली आणून घेत होते आणि परवाना पदरात पाडून घेत होते, काम पुढे कधी का होईना. त्या काळातला परवान्यांचा उंच आलेख बघून कुणी दुरुस्त्या जोरात चालल्यात असं म्हटलं असतं तर ते फसले असते. परवाने वापरायचेच तर वर्षभरानं त्याच पत्त्यावर टपाल चालू झालं का, हे ताडून मगच वापरा.

विक्रीकराचंही असंच. वादळानंतर लोक फ्रीज, गाद्या, जिप्समच्या पाट्या, गाड्या विकत घेतात. शेजारच्या जेफर्सन पॅरिशमध्ये (लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात) विक्रीकराची वसुली वादळाआधीपेक्षा वर गेली होती. तो सुबत्तेचा नव्हे, नुकसान भरून काढण्याचा खर्च होता. हा फुगवटा ओसरेपर्यंत विक्रीकरावर काही लिहू नका.

बेरोजगारीचा दर तर सोडूनच द्या, निदान पहिली दोन वर्षं. काम नसलेली माणसं शहराबाहेर अडकली की ती त्या दरात मोजलीच जात नाहीत, आणि दर कमी दिसतो. त्याऐवजी एकूण नोकऱ्यांची संख्या घ्या.

शाळेचा पट मात्र मला भरवशाचा वाटतो. मूल शाळेत आलं म्हणजे कुटुंब परतलं, तेही राहायच्या तयारीनं. वादळाआधी न्यू ऑर्लिन्सच्या सार्वजनिक शाळांत सुमारे ६५ हजार मुलं होती. दोन वर्षांनी पट त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. सेवा मोजताना शाळांसोबत दवाखाने, पाळणाघरं आणि वाहतूकही घ्या, कारण माणूस परतायचं की नाही हे त्यांवरच ठरवतो. गरिबांचं मोठं आधारस्थान असलेलं चॅरिटी हॉस्पिटल पुन्हा उघडलंच नाही, त्याच्या जागी नवं रुग्णालय यायला ऑगस्ट २०१५ उजाडला. सेंट चार्ल्स मार्गावरची ट्राम पूर्ण लांबीनं धावायला जून २००८ उजाडला.

भाडं विसरू नका. गृहनिर्माण विभाग दरवर्षी दोन बेडरूमच्या घराचं ‘वाजवी भाडं’ जाहीर करतो. न्यू ऑर्लिन्स परिसरात ते २००५ मध्ये महिना ६७६ डॉलर होतं, २००७ मध्ये ९७८. दोन वर्षांत ४५ टक्के वाढ. हॉटेलात झाडलोट करणाऱ्या किंवा संगीताच्या कार्यक्रमांवर पोट असणाऱ्या माणसाचा परतीचा रस्ता इथेच बंद होतो, आणि ते कुठल्याही परवान्याच्या आलेखात दिसत नाही.

अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे ही जनगणना विभागाची चालू नमुना पाहणी. उत्पन्न, घर, प्रवास, सगळं तिच्यात मिळतं. पण लहान भागांसाठी ती पाच वर्षांची सरासरी देते. तिचा पहिला पंचवार्षिक संच २००५ ते २००९ चा होता. म्हणजे वादळाआधीचे आठ महिने आणि वादळानंतरची चार वर्षं एकाच भांड्यात ढवळलेली. न्यू ऑर्लिन्सच्या वस्त्यांसाठी तो संच वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कुठलीही सरासरी वादळाची तारीख ओलांडून जात असेल तर ती बाजूला ठेवा.

पायरी ५: दोन आकडे भिडवा, आणि फरक सापडला तर बोला

एका स्रोतावर विसंबू नका हे सगळेच सांगतात. न्यू ऑर्लिन्समध्ये त्यातून प्रत्यक्ष काय घडलं ते बघा.

जनगणना विभागाच्या खास अंदाजानुसार १ जानेवारी २००६ ला शहरात घरांमधून राहणारे लोक होते १,५८,३५३. जुलै २००७ साठी विभागानं अंदाज दिला २,३९,१२४. पण टपाल, परवाने असे स्थानिक आकडे बघणाऱ्यांना तो पटेना. विभागाची नेहमीची रीत अशी की लोकांनी एका जिल्ह्यातून दुसरीकडे केलेलं स्थलांतर मुख्यतः कर विवरणपत्रांवरच्या पत्त्यांवरून काढायचं. ज्यांचा पत्ताच वाहून गेलाय, जे तीन शहरांत फिरून परतलेत, त्यांना ही रीत नीट पकडू शकत नाही. शहरानं रीतसर हरकत घेतली, पुरावे दिले आणि आकडा २,८८,११३ झाला. जवळपास ४९ हजार माणसांचा फरक. केंद्राचे कित्येक निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले जातात, त्यामुळे हा फरक रोजच्या जगण्याला भिडणारा होता.

पण इथेच थांबलात तर अर्धीच गोष्ट कळेल. पुढचे अंदाज वाढत गेले, जुलै २००९ चा अंदाज ३,५४,८५० पर्यंत पोचला. आणि एप्रिल २०१० च्या प्रत्यक्ष मोजणीत निघाले ३,४३,८२९. म्हणजे आधी अंदाज कमी पडला, मग जास्त झाला. आपल्या बाजूनं आलेला आकडाही तितक्याच संशयानं तपासावा लागतो. तुमचा स्थानिक आकडा सरकारी आकड्यापेक्षा वेगळा निघाला तर आधी स्वतःच्या व्याख्या तपासा. घरं मोजलीत की माणसं? तारीख तीच आहे का? वसतिगृहं आणि तुरुंग धरलेत का? एवढं करूनही फरक उरला तर तो लेखी कळवा, कारण बदल होऊ शकतो.

पायरी ६: परतलं कोण?

हा प्रश्न शेवटी येतो असं नाही. इथे मांडतोय एवढंच. तुम्ही तो पहिल्या दिवसापासून फाईलमध्ये ठेवा.

२००० आणि २०१० च्या जनगणना शेजारी ठेवल्या तर न्यू ऑर्लिन्समध्ये १,१८,५२६ कृष्णवर्णीय नागरिक कमी झालेले दिसतात. गोरे नागरिक कमी झाले २४,१०१. शहरातलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण ६७ टक्क्यांवरून ६० वर आलं. नुसतं ‘७१ टक्के’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं.

कारणं शोधताना मदतीच्या नियमांत शिरा. ‘रोड होम’ नावाची घरमालकांसाठीची मोठी योजना होती. अनुदान ठरवताना घराची वादळाआधीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांतली लहान रक्कम धरायची, अशी पद्धत होती. उदाहरणादाखल दोन घरं घ्या, दोन्हींच्या दुरुस्तीला १,२०,००० डॉलर लागणार. पहिलं गोऱ्यांच्या वस्तीत, बाजारभाव १,५०,०००. त्याचा हिशेब १,२०,००० वरून सुरू होतो. दुसरं तसंच घर लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये, बाजारभाव ६०,०००. त्याचा हिशेब ६०,००० वरून सुरू, आणि उरलेले ६०,००० घरमालकानं कुठूनही आणायचे. विटा-लाकडाचा आणि गवंड्याचा दर दोन्हीकडे सारखाच. या नियमाविरुद्ध गृहहक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांनी खटला भरला आणि २०११ मध्ये तडजोड झाली. तोवर कित्येकांनी परतायची आशा सोडली होती. डेटा गोळा करताना म्हणूनच ‘किती अनुदानं वाटली’ यावर समाधान मानू नका. ‘गरजेच्या किती टक्के मिळालं’ हा रकाना करा, आणि वस्तीवार करा.

भाडेकरूंचा वेगळा रकाना हवा. डिसेंबर २००७ मध्ये शहराच्या नगरपरिषदेनं चार मोठ्या सरकारी गृहवसाहती पाडायला मंजुरी दिली. तिथल्या घरांत राहणाऱ्यांना परतायला जागाच उरली नाही. याची खूण दहा वर्षांनंतरच्या आकड्यांत स्पष्ट आहे. जून २०१५ मध्ये डेटा सेंटरनं टपालाचे पत्ते पुन्हा मोजले. ७२ पैकी ४० वस्त्यांनी ९० टक्क्यांचा टप्पा ओलांडला होता. निम्म्याच्याही खाली राहिलेल्या फक्त चार होत्या. त्यांतल्या तीन म्हणजे पाडलेल्या सरकारी वसाहतींच्या जागा. चौथी लोअर नाइन्थ वॉर्ड. हे चार ठिपके नकाशावर ठेवले की त्यामागचे निर्णय कुठल्या तारखेला आणि कुणी घेतले, हे शोधायला सुरुवात करता येते.

पायरी ७: पायी फिरा

न्यू ऑर्लिन्सच्या घरांचे पहिले आकडे दारांवर रंगवलेले होते. शोधपथकं प्रत्येक दारावर स्प्रेनं मोठी फुली मारत. फुलीच्या डावीकडे पथकाची खूण, वर तारीख, उजवीकडे आत कसला धोका आहे ते, आणि खाली किती माणसं सापडली तो आकडा. ज्यांनी घर पुन्हा बांधलं त्यांतल्या काहींनी ती फुली मुद्दाम ठेवली.

जानेवारी २००६ मध्ये एका नियोजन नकाशावर ब्रॉडमूरसह काही वस्त्यांवर हिरवे गोल काढलेले होते. तिथे पुढे उद्यानं होऊ शकतात, असा त्याचा अर्थ. रहिवासी संतापले. पण ब्रॉडमूरच्या लोकांनी संतापावर न थांबता स्वतः घरोघर जाऊन कोण परतणार, कुठलं घर कुठल्या अवस्थेत, याची नोंद केली आणि वस्ती जिवंत आहे हे दाखवून दिलं. लेकव्ह्यू आणि जेंटिली भागात ‘बीकन ऑफ होप’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी प्लॉटवार पाहणी केली.

हे तुम्हालाही जमेल. कागदावर पाच खाने पुरतात: राहतं, काम चालू, पडीक, मोकळा प्लॉट, सांगता येत नाही. शेवटचा खाना ठेवाच, नाहीतर लोक अंदाजानं भरतात. एकच गल्ली दोघांनी वेगवेगळी भरून बघा. उत्तरं फारच वेगळी आली तर व्याख्या कच्ची आहे. ‘पडीक’ म्हणजे नेमकं काय, गवत किती वाढलेलं, खिडक्या फुटलेल्या की फळ्या मारलेल्या, हे ठरवून मग बाहेर पडा. कुणाच्या घराचा फोटो नावासकट कधीही टाकू नका. पडीक घराचा पत्ता चोरांनाही उपयोगी पडतो.

शहर सरकारनंही हा धागा नंतर उचलला. २०१० मध्ये शहरात पडीक घरं आणि ओसाड प्लॉट मिळून जवळपास ४४ हजार असल्याचा डेटा सेंटरचा अंदाज होता. महापौर मिच लँड्र्यू यांनी २०१४ पर्यंत दहा हजारांनी ही संख्या कमी करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं आणि अधिकाऱ्यांच्या आकडेवारीच्या बैठका नागरिकांसाठी खुल्या ठेवल्या. २०१२ मध्ये ‘कोड फॉर अमेरिका’ या सरकारी कामांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ना-नफा संस्थेच्या तरुणांनी शहराबरोबर एक संकेतस्थळ बनवलं. पत्ता टाका, त्या पडीक घराची फाईल कुठल्या टेबलावर आहे ते दिसेल. शेजारच्या घरातून उंदीर-साप येणाऱ्या माणसाला शहराच्या सरासरीपेक्षा त्या एका ओळीचा उपयोग जास्त.

पायरी ८: कधी छापायचं, कधी थांबायचं

सुरुवातीला दर महिन्याला, मग तिमाहीला, पुढे वर्षाला. पहिल्या वर्षी गोष्टी आठवड्यागणिक बदलतात, चौथ्या वर्षी नाही. महत्त्वाचं हे की तेच रकाने, त्याच क्रमानं, ठरलेल्या दिवशी. एखादा आकडा वाईट आला म्हणून त्या वेळचा अहवाल गाळायचा नाही. रकाना बदलावा लागला तर किमान दोन अहवालांत जुना आणि नवा दोन्ही छापा.

आणि कुठली मोजपट्टी कुठल्या नुकसानीला लागू आहे याचं भान ठेवा. २९ ऑगस्ट २०२१ ला, कॅटरिनाच्या बरोबर सोळा वर्षांनी, आयडा वादळ लुइझियानाला धडकलं. या वेळी न्यू ऑर्लिन्सचे तटबंध टिकले, पण शहराला वीज पुरवणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या बंद पडल्या आणि सगळं शहर अंधारात गेलं. इथे ९० दिवसांनी कळणारे टपालाचे आकडे काय कामाचे? वीज किती तासांनी, कुठल्या भागात आधी आली, हे मोजायचं. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. छपरावर पत्रे काही महिन्यांत चढतात, सुपारी फळाला यायला पाच-सहा वर्षं लागतात. तिथे घरांची टक्केवारी काढून समाधान मानणाऱ्यानं वाडीतली झाडं मोजलीच नाहीत.

तुम्ही ज्या शहरावर किंवा गावावर काम करणार असाल, त्याची आधाराची फाईल आजच करून ठेवा, वादळाची वाट न बघता. वस्तीवार घरं, शाळांचा पट, चालू वीजजोडण्या, दवाखान्यातल्या खाटा, घरभाडं. दर जूनमध्ये एक प्रत, नावात वर्ष घालून, आणि एक प्रत त्या शहराबाहेर कुणाकडे तरी.